बासेलला करमेना: १६८८ मध्ये नोंदलेलं एक प्रकरण

आधी हकिगत, जशी नोंदली गेली तशी.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा एक तरुण शिकायला म्हणून तिथल्याच बासेलला येऊन राहिला होता. बरेच दिवस खिन्न असायचा. मग त्याला ताप भरला आणि तो उतरेना. छातीत धडधड, जीव घाबरा होणं, आणि रोज कालच्यापेक्षा आज वाईट. आज जातो की उद्या अशी अवस्था झाली तेव्हा त्याच्यासाठी जाहीर प्रार्थना झाली, अत्यवस्थ माणसासाठी करतात तशी. उपचार चालूच होते. त्यातलाच एक म्हणून एनिमा द्यायचं ठरलं आणि त्या कामासाठी औषधवाल्याला बोलावणं गेलं. औषधवाला म्हणजे डॉक्टर नव्हे. औषधं कुटणारा, घोटणारा, आणि डॉक्टर स्वतः हात लावणार नाहीत अशी कामं करणारा.

तो आला, त्याने पोराकडे पाहिलं, लक्षणं समजून घेतली आणि निदान सांगून मोकळा झाला: याला ‘हाइमवे’ झाला आहे, आणि घरी पाठवण्यावाचून याला दुसरं औषध नाही.

पेशंट इतका खंगला होता की त्याला निजलेल्या अवस्थेतच न्यावं लागणार होतं. तशी तयारी सुरू झाली. ती तयारी डोळ्यांसमोर दिसू लागताच त्याचा श्वास मोकळा झाला, मन जरा थाऱ्यावर आलं. शहर काही मैल मागे पडल्यावर बाकीची लक्षणंही ओसरली. आणि बर्नमध्ये शिरण्याआधीच तो ठणठणीत झाला होता.

बर्नमध्ये शिरण्याआधी. मला या प्रकरणात जे दिसतं ते सगळं या दोन शब्दांपाशी आहे. घरी पोहोचल्यावर बरं वाटलं असतं तर ही एक गोड गोष्ट झाली असती आणि मी तिच्यावर एवढा वेळ घालवला नसता. पण पोरगा वाटेत बरा झाला. खरं तर खाटेवरून हलण्याआधीच बरा व्हायला लागला.

हे लिहिणारा कोण

ही हकिगत योहानेस होफर याच्या प्रबंधात आहे. वैद्यकाच्या पदवीसाठी त्याने तो १६८८ मध्ये बासेल विद्यापीठात लॅटिनमध्ये सादर केला. परत येणं या अर्थाचा ग्रीक शब्द ‘नोस्टोस’ आणि वेदना या अर्थाचा ‘आल्गोस’ जोडून त्याने दुखण्याचं बारसं केलं: नॉस्टॅल्जिया. आज जुनी गाणी लागली की आपण सहज वापरतो तो हा शब्द. तेव्हा ते निदान होतं, आणि त्याने माणूस मरू शकतो असं होफरचं म्हणणं होतं. आणखी दोन नावंही त्याने सुचवून ठेवली होती. त्यातलं एक ‘फिलोपॅट्रिडोमेनिया’. ते रुजलं नाही हे बरं झालं.

होफर तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याचं गाव म्युलहाउझ, बासेलपासून साधारण ३० किलोमीटरवर. म्हणजे एका परगावच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या परगावच्या विद्यार्थ्याचं दुखणं लिहून ठेवलं आहे. प्रबंधात तो स्वतःबद्दल बोलत नाही, प्रबंधात कोण बोलतं? पण विषय कुठून सुचला असेल याचा अंदाज करायला फार लांब जावं लागत नाही. गुरुजनांच्या पोथ्यांत या दुखण्याला नाव नव्हतं. नाव होतं ते लोकांच्या तोंडी. ‘हाइम’ म्हणजे घर, ‘वे’ म्हणजे दुखणं. औषधवाल्याला तो शब्द ठाऊक होता आणि म्हणून त्याला रोग दिसला. बाकीचे ताप मोजत बसले.

मराठीत याला नेमका शब्द आहे, फक्त तो नाम नाही. ‘करमत नाही’. दुःख आहे, असं त्यात म्हटलेलं नाही. आजारी आहे असंही नाही. मन कुठे टेकत नाही, एवढंच. आणि हे क्रियापद जवळजवळ नेहमी नकारात किंवा प्रश्नातच भेटतं. नुकत्याच बाहेर गेलेल्या पोराला घरचे विचारतात, ‘करमतंय ना?’ या प्रश्नाचं खरं उत्तर फोनवर कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

शंभर किलोमीटरचा परदेश

बर्न ते बासेल अंतर साधारण शंभर किलोमीटर. आजच्या हिशेबाने एका देशातलं. दोन्हीकडे जर्मन बोलतात आणि दोन्ही शहरांना तेव्हा प्रोटेस्टंट होऊन दीडशेहून अधिक वर्षं झालेली. मग एवढं काय परकं होतं?

तेव्हाचा स्विस संघ म्हणजे १३ राज्यांची मोट. प्रत्येकाचे कायदे वेगळे, नाणी वेगळी, नागरिकत्व वेगळं. बर्नच्या पोराला विद्यापीठाचं शिक्षण हवं असेल तर संघात एकच जागा होती, १४६० मध्ये स्थापन झालेलं बासेलचं विद्यापीठ. बर्नचं विद्यापीठ व्हायला १८३४ उजाडायचं होतं. बोलीही एक नव्हती. बासेलची बोली आणि बर्नची बोली आजही कानाला वेगळी लागते, आणि बर्नचे लोक संथ बोलतात म्हणून बाकीचे स्विस आजही त्यांची थट्टा करतात. म्हणजे तोंड उघडलं की हा बाहेरचा, हे कळायचं. परदेश म्हटलं की आपल्याला विमान आठवतं. पण परकेपणाला एवढी तयारी लागत नाही. दुकानात आपण एक वाक्य बोलल्यावर समोरचा अर्धा क्षण थांबला, तरी पुरतं.

आणि घड्याळ. बासेलचं घड्याळ भोवतालच्या सगळ्या मुलखापेक्षा एक तास पुढे चालायचं. बर्नमध्ये बाराचे टोल पडत तेव्हा बासेलमध्ये एकाचा. ही रीत १७९८ पर्यंत टिकली. कशी सुरू झाली याच्या दंतकथा सांगतात. त्यातली एक अशी की फितुरांनी ठरावीक ठोक्याला वेशीचे दरवाजे उघडायचं ठरवलं होतं, घड्याळ पुढे सरकवलं गेलं आणि बेत फसला. कथा खरी असो वा नसो, तो तास खरा होता. बर्नच्या पोराने लहानपणापासून ज्या घड्याळाचे ठोके ऐकले ते शहराच्या मधल्या मनोऱ्यावरचं, त्सीटग्लोग्गे. त्यावर सूर्यचंद्राच्या गती दाखवणारं चक्र तेव्हाच दीडशेहून अधिक वर्षांचं होतं, आणि ठोक्याच्या जरा आधी तिथली यांत्रिक अस्वलं फेर धरतात. बासेलमध्ये त्याने पहिल्या रात्री अंथरुणात पडून टोल मोजले असतील, तर ते एकाने जास्त भरले असणार.

होफरने या घड्याळाचा काही संबंध जोडलेला नाही. त्याच्या मते दोष परक्या चालीरीतींचा, बदललेल्या हवेचा, मोडलेल्या सवयींचा. घड्याळ मीच जोडते आहे, कारण मी विशीत तीन वर्षं दुसऱ्या देशात शिकत होते आणि पहिले चार-पाच महिने मनगटावरचं घड्याळ मी घरच्याच वेळेवर ठेवलं होतं. वर्गात वेळ बघायची तर मनात वजाबाकी करायची. तिथे दुपारचे तीन, म्हणजे घरी आता दिवे लागले असतील. हे मला तेव्हा हुशारीचं वाटायचं. प्रत्यक्षात मी दिवसातून पन्नास वेळा घरी जाऊन येत होते आणि तिथल्या तासाला हजर नव्हते.

होफरने मेंदूबद्दल जे लिहिलं ते आज कोणी मानत नाही. मेंदूच्या मधल्या भागातल्या तंतूंमध्ये मायदेशाच्या प्रतिमांचे ठसे उमटलेले असतात आणि शरीरातला प्राणरस सारखा त्याच वाटांनी वाहत राहतो, दुसरीकडे वळत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण होतं. शरीरशास्त्र म्हणून हे टाकाऊ. पण मनगटावरच्या त्या घड्याळाचं वर्णन म्हणून मला याहून चांगलं सुचत नाही.

दुसरं काही असेल का

प्रकरण अभ्यासायचं तर संशय घ्यायलाच हवा. रेंगाळणारा ताप, अशक्तपणा, दिवसेंदिवस ढासळणारी प्रकृती: हे आजच्या डॉक्टरला सांगितलं तर त्याच्या मनात विषमज्वर येईल. उपचार न झालेला विषमज्वर तीन-चार आठवडे चालतो आणि वाचणारा रोगी त्यानंतर आपसूक सुधारतो. तेव्हा औषधवाला नेमका उतरणीच्या दिवशी आला आणि श्रेय घेऊन गेला, असंही असू शकतं. वैद्यकाच्या इतिहासात अशा श्रेयांची कमतरता नाही.

दुसरी उपपत्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या योहान याकोब शॉइख्त्सर या निसर्गअभ्यासकाने मांडली. स्विस माणूस डोंगरावरच्या विरळ हवेला सरावलेला असतो, सखल भागात उतरला की जड हवा त्याचं शरीर दाबते, रक्त हृदयाकडे नीट वाहत नाही आणि तो झुरतो. उपाय: घरी पाठवता येत नसेल तर निदान टेकडीवर किंवा उंच मनोऱ्यात ठेवा. हसू येतं, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत. बासेल समुद्रसपाटीपासून साधारण २६० मीटरवर, बर्न ५४० वर, आणि दोन्हींच्या मधे जुरा डोंगर. म्हणजे शहर सोडून काही मैलांवर पोराला बरं वाटलं तेव्हा तो खरोखरच चढणीच्या दिशेने निघालेला होता. शॉइख्त्सरला हे प्रकरण आपल्या पुराव्यात सहज बसवता आलं असतं.

अडतं एकाच ठिकाणी. पहिली सुधारणा झाली ती खाटेवर. हवा तीच, उंची तीच, ताप तोच. बदललं होतं ते खोलीतलं दृश्य: कोणीतरी त्याचं सामान बांधत होतं. विषमज्वराचा योगायोग यानेही पुरता खोडला जात नाही, हे मान्य. पण श्वास मोकळा होण्याचा क्षण आणि तयारी दिसण्याचा क्षण एकच आहे, आणि ज्याने हे टिपलं त्याला, १९ वर्षांचा असला तरी, कुठे बघायचं ते कळत होतं.

होफरच्याच प्रबंधातलं दुसरं प्रकरण शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. एक शेतकऱ्याची मुलगी उंचावरून पडून बेशुद्ध झाली, तिला इस्पितळात ठेवलं. शुद्धीवर आली तो भोवती अनोळखी म्हाताऱ्या. तिने अन्न आणि औषध थुंकून टाकायला सुरुवात केली आणि एकच धोशा लावला: ‘इश विल हाइम’, मला घरी जायचंय. शेवटी आईबापांनी नेली आणि औषधाशिवाय थोड्या दिवसांत ती बरी झाली. ती घरी जाऊन बरी झाली, तो घरी जायला निघून. मुलीला कोणी विचारलंच नव्हतं, तिला उचलून आणलं होतं. तिला घरच हवं होतं, दुसरं काही चाललं नसतं. तो मात्र आपणहून, किंवा निदान घरच्यांच्या अपेक्षा डोक्यावर घेऊन, आला होता. शिकायला पाठवलेल्या मुलाला ‘मला घरी जायचंय’ असं ओरडता येत नाही. मुलीने जे तोंडाने सांगितलं ते याच्या शरीराने तापातून सांगितलं, असं मला वाटतं. आणि दुसऱ्या कोणीतरी, तेही परक्याने, चारचौघांत निकाल दिला की याला जाऊ द्या, तेव्हा त्याची सुटका झाली. पळून गेला हा शिक्का नाही, हरला नाही. आजारी आहे, म्हणून जातोय.

लाल कार्बन

इथे माझी साक्ष नोंदवते. माझं दुखणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

मी गेले तेव्हा परतीचं ‘ओपन’ तिकीट घेऊन गेले होते. परतीच्या तारखेची जागा कोरी, मुदत एक वर्ष. तेव्हा विमानाचं तिकीट म्हणजे पातळ कागदांची अरुंद पुस्तिका असायची, पानांच्या पाठीला लाल कार्बन. ती माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एका पाकिटात असे. जानेवारीत तिथे चार वाजता काळोख पडायचा आणि खिडकीच्या काचेत फक्त आपलीच खोली दिसायची. अशा संध्याकाळी मी खण उघडून पुस्तिका बाहेर काढायचे, कोऱ्या चौकटीवर बोट फिरवायचे. बोटाला लाल लागलं की ठेवून द्यायचे. एक फोन केला असता तर तारीख पडली असती. कोणत्याही दिवशी जाता येतंय, मग आज नको. आज वर्ग आहे, उद्या अहवाल द्यायचाय. असं करत वर्ष निघालं.

तिकिटाची मुदत ज्या आठवड्यात संपली त्या आठवड्यात मला सणकून ताप आला. यावर मी फार भार टाकणार नाही, कारण तेव्हा अख्खं वसतिगृह खोकत होतं. पण विषमज्वराचा संशय मी बर्नच्या पोराच्या बाबतीत घेतला, तर माझ्या बाबतीतही दोन्ही शक्यता उघड्या ठेवायला हव्यात.

आठवण येणं आणि आठवण काढणं

आता प्रकरणाचा उरलेला अर्धा भाग. तो होफरने लिहिलेला नाही, लिहिणं शक्यही नव्हतं. बरा झालेला पोरगा पुढे बासेलबद्दल काय सांगत असेल?

शब्दाचंच बघा. नॉस्टॅल्जिया हा सुरुवातीला दुसऱ्या गावी अडकलेल्याचा रोग होता. पुढे सैन्यांतल्या डॉक्टरांनी तो उचलला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, उत्तरेच्या फौजेच्या वैद्यकीय नोंदींत या निदानाची प्रकरणं हजारोंनी आहेत. विसाव्या शतकात मात्र शब्दातलं घर हळूहळू गळालं आणि काळ उरला. आता आपण ज्याला नॉस्टॅल्जिया म्हणतो त्यात परत जायची तयारी कोणाचीच नसते. मराठीने या नव्या अर्थासाठी शब्द केला, स्मरणरंजन. ग्रीक शब्दात वेदना होती, आपण तिथे रंजन घातलं. भाषांतर म्हणून चूक, पण तीनशे वर्षांत काय घडलं ते या चुकीतून बरोबर कळतं.

आणि त्याहून जुना फरक आपल्या रोजच्या बोलण्यात आहेच. आठवण येते, आणि आठवण काढतात. येते तेव्हा आपण काही करत नसतो, ती येते, दार न वाजवता. काढतो तेव्हा खण आपला, किल्ली आपली. बासेलमधल्या खोलीत पोराला आठवण येत होती. पुढे बर्नमध्ये तो बासेलची आठवण काढू शकत होता.

या दोहोंमधलं वळण अभ्यासकांनीही तपासलं आहे. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे होते, अठरा महिन्यांहून जास्त राहिलेलेही बरे होते, मधल्या मुदतीचे सर्वांत अवघडलेले. यातून ती प्रसिद्ध इंग्रजी ‘यू’ आकाराची रेघ निघाली: आधी नवलाई, मग घसरण, मग रुळणं. परदेशी विद्यार्थ्यांना ती आजही सांगतात. मला ती कधी पटली नाही, आणि पुढे माझ्या बाजूने पुरावाही निघाला. १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या टप्प्यांवर गाठून विचारलं, तर सर्वांत जड गेले होते ते अगदी पहिलेच दिवस. नवलाईचा मधुचंद्र कुठे दिसलाच नाही. लिसगार्ड यांची माणसं मायदेशी परतल्यावर बोलत होती, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही. परतलेला माणूस पहिल्या आठवड्याबद्दल सांगतो तेव्हा तो आठवण काढत असतो.

ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशट यांनी २००६ मध्ये असल्या आठवणींचा घाट तपासला. लोकांनी लिहिलेल्या हकिगतींत बहुतेक वेळा मध्यभागी आपण स्वतः, भोवती जवळची माणसं, आणि गोष्ट वाइटाकडून चांगल्याकडे जाणारी. उलट्या दिशेच्या गोष्टी कमी. हे वाचलं आणि मी चोरी पकडली गेल्यासारखी खजील झाले. कारण माझ्याकडे अशीच एक गोष्ट आहे आणि मी ती मैफलीत सांगते.

वसतिगृहाच्या जिन्याखाली एक भिंतीवरचा फोन होता, कार्ड घालून चालणारा. रविवारी घरी फोन. फोनच्या पट्टीएवढ्या पडद्यावर कार्डातले युनिट दिसायचे आणि परदेशी कॉल लागला की ते भराभरा उतरायला लागायचे. आई ‘मग?’ म्हणायची. मी ‘बाकी काय?’ म्हणायचे. तिला ऐकू यायला एक क्षण लागायचा, तेवढ्यात ती दुसरं काही विचारायची, आमची वाक्यं मधेच आपटायची, मग दोघी एकदम गप्प. चाळीस, अडतीस, छत्तीस. ‘करमतंय ना?’ ‘हो, करमतंय.’ चौतीस. आणि कधीकधी खूप युनिट शिल्लक असतानाच आम्ही ‘ठेवते’ म्हणायचो, कारण बोलायला काही उरलेलं नसे. जे होतं ते बोलता येत नव्हतं. मग मी जिन्यावर बसून राहायचे आणि येणारेजाणारे माझ्या गुडघ्यांना ओलांडून जायचे.

ही गोष्ट आता मी हशा पिकवायला सांगते. आकडे उतरत्या आवाजात म्हणते, आईची नक्कल करते. शेवटी असंही जोडते की त्याच जिन्यावर एक दिवस वरच्या मजल्यावरची मुलगी ओलांडून न जाता शेजारी बसली आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली. हे खरं आहे. पण ती बसली दुसऱ्या वर्षी. सांगताना मधलं सबंध वर्ष मी दोन वाक्यांत गुंडाळते. खोटं काही सांगत नाही, फक्त आधीच्या पन्नास रविवारांना त्या एका दिवसाच्या पायऱ्या करून टाकते. त्या रविवारांचं तसं काही म्हणणं नव्हतं. ते नुसते वाईट होते.

म्हणून कडूगोड हा शब्द मी जपून वापरते. कडू आणि गोड एका वेळी चाखलं असं त्यातून वाटतं. माझ्या बाबतीत तरी कडू तेव्हा होतं आणि गोड नंतरचं आहे. दोन्ही एका भांड्यात मी घातलं, बऱ्याच वर्षांनी. आणि गोड कधीपासून झालं, हे मला चक्क तारखेनिशी सांगता येईल: परतीचं नवं तिकीट हातात पडलं त्या दिवसापासून. निघायला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत जिन्याखालचा फोनही मला आवडायला लागला. रोजच्या रस्त्यावरून जाताना मी मुद्दाम सावकाश चालायचे. काचेत दिसणारी माझीच खोली मला बघाविशी वाटायची. शहर तेच होतं. दार उघडल्यावर कोंडी जाते आणि मगच खोली कशी आहे ते दिसतं. बर्नचा पोरगा शहराबाहेर काही मैलांवर बरा झाला, तेव्हा त्याने वळून मागे पाहिलं असेल का, हे मी कितीदा मनाशी रंगवलं आहे. ऱ्हाइन, पूल, टेकाडावरच्या कॅथेड्रलचे दोन लाल मनोरे. आल्यापासून पहिल्यांदाच ते त्याला नीट दिसले असतील.

होफर पदवी घेऊन आपल्या म्युलहाउझला परतला आणि तिथे वैद्यकी करू लागला. प्रकरण त्याने बर्नच्या अलीकडेच थांबवलं, रोगी बरा झाला म्हणजे डॉक्टरचं काम संपलं. पुढचं माझ्यावर सोडलं तर मी पैज लावते. त्या पोराने घरी गेल्यावर तापाबद्दल चारदोन वाक्यं सांगितली असतील, प्रार्थनेबद्दल आणखी एखादं, एनिमाबद्दल मुळीच नाही. आणि मग, पुढची चाळीस वर्षं, कोणी बासेलचं नाव काढलं की त्याने खुर्ची पुढे ओढून, आधी स्वतः हसून, हेच सांगितलं असेल: त्या वेड्यांच्या गावात बाराला एकाचे टोल पडतात.